कन्फेशन केलं की पाप माफ, मग पुन्हा करायला मोकळे?

हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, की कॅथलिक ख्रिस्ती माणूस आठवडाभर काय वाटेल ते करतो, रविवारी चर्चमधल्या फादरच्या कानात आपली पापं सांगतो, म्हणजे कन्फेशन करतो, आणि पाटी कोरी. बाहेरून तसं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याला दिसते फक्त फादर आणि सांगणारा यांच्यामधली जाळी आणि कुजबुज.

पण नुसतं सांगून होत नाही. आधी मनापासून पश्चात्ताप हवा आणि त्यातच 'पुन्हा करणार नाही' हा निश्चय धरलेला असतो, तोच नसेल तर फादरने हात वर करून पापक्षमेचे शब्द म्हटले तरी ती क्षमा लागू होत नाही असं चर्चचं स्वतःचंच म्हणणं आहे. म्हणजे 'परत करायचंच आहे, तोवर सांगून टाकू' हा हिशोब तिथेच फसतो. आता समजा कुणी पैसे चोरले, तर क्षमा मिळाली म्हणून ते खिशात राहत नाहीत, शक्य असेल तर परत द्यावे लागतात आणि कुणाची बदनामी केली असेल तर तीही निस्तरावी लागते. हे माझ्या मनचं नाही, १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद १४५१ आणि १४५९ बघा, नेटवर फुकट आहे.

हो, आणि फी वगैरे काही नसते. फादर ऐकलेलं बाहेर सांगू शकत नाही हे मात्र खरंय, परिच्छेद १४६७. दया आहेच, ती मागायला पुन्हा पुन्हा येताही येतं, कारण माणूस निश्चय करूनही घसरतो, पण घसरणं वेगळं आणि आधीच ठरवून येणं वेगळं.