केसिंगच्या आत पुन्हा केसिंग?

आमच्या जत तालुक्यात बोअर मारताना माती-मुरूम असेपर्यंतच केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून पाइप, घालतात. खाली काळा पाषाण लागला की भोक स्वतःच्या बळावर टिकतं. मामांच्या हृदयाच्या धमनीतला जुना स्टेंट, म्हणजे भिंतीला आधार देणारी जाळीची नळी, आतून अरुंद झाला, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी नवा स्टेंट न घालता औषध लावलेला फुगा सुचवला. मामा घाबरले, “म्हणजे आत काहीच ठेवणार नाही?” त्यांना समजावताना मला केसिंगच आठवलं.

खरं तर सुरुवात नुसत्या फुग्यानंच झाली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. पण ताणलेली भिंत कधी परत आक्रसे, कधी तिचा पापुद्रा सुटून वाट बंद होई, तर कधी जखम भरताना पेशी वाढून काही महिन्यांत धमनी पुन्हा अरुंद होई. १९८६ मध्ये आलेल्या जाळीदार स्टेंटनं भिंतीला आधार दिला. पेशींची वाढ रोखायला पुढं त्या जाळीवर औषध आलं.

मग नुसतं औषधच भिंतीत मुरवलं तर? आधी साध्या फुग्यानं जागा मोकळी करतात. भिंत नीट टिकली, मोठी चीर पडली नाही, तरच औषधाचा फुगा आत जातो. तो साधारण अर्धा ते एक मिनिट फुगवून धरतात. त्यावरचं पॅक्लिटॅक्सेल हे औषध स्निग्धात विरघळणारं असल्यानं तेवढ्यात भिंतीत शिरतं आणि स्नायुपेशींचं विभाजन रोखतं. फुगा बाहेर येतो, औषध आत राहतं. मामांच्या धमनीत केसिंग आधीच होतं. त्यात दुसरं घातलं असतं तर भोक आणखी बारीक झालं असतं. म्हणूनच जुन्या स्टेंटमधल्या अडथळ्यासाठी हा फुगा मला फार पटतो.

तीन मिलिमीटरपेक्षा बारीक धमन्यांतही तो स्टेंटच्या तोडीचा ठरला, हे २०१८ च्या ७५८ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात दिसलं. सगळ्याच धमन्यांना मात्र हे लागू होत नाही. चीनमधल्या २,२७२ रुग्णांच्या चाचणीत लहानमोठ्या सगळ्या धमन्यांचे नवे अडथळे घेतले होते. दोन वर्षांत हृदयविकारानं मृत्यू, त्याच धमनीमुळे झटका किंवा तिथंच पुन्हा उपचार, असं काहीतरी फुग्याच्या गटात ६.४ टक्के रुग्णांना झालं, स्टेंटच्या गटात ३.४ टक्के. म्हणून शेजाऱ्याला फुगा लावला, मलाही तोच लावा, असा हट्ट धरू नये.

नवा स्टेंट घातला नाही की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांचा काळ बहुधा कमी ठेवता येतो. मामांनी घरी येताच “मग आता गोळ्या कशाला?” म्हणून डबी कपाटात टाकली होती. ती मी परत काढून त्यांच्या उशाशी ठेवली. किती दिवस घ्यायच्या, ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं.