गॅसच्या ज्योतीवरून बॅटरीवर: मोटरहोममधल्या फ्रीजची पार्श्वभूमी

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या मोठ्या मोटरहोमचा, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीचा, फ्रीज बंद पडला की मालकापुढे प्रश्न उभा राहतो: पुन्हा गॅसवर चालणाराच बसवायचा, की स्वयंपाकघरात असतो तसा साधा घरगुती फ्रीज आणून त्या कोनाड्यात सरकवायचा? बरेच जण दुसरी वाट धरतात. जागा जास्त मिळते, फ्रीज लवकर थंड होतो आणि खर्चही कमी येतो. पण हीच अदलाबदल १९८० साली कुणी केली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बॅटऱ्यांनी मान टाकलेली असती. आज ती जमते, याचं बरंचसं श्रेय मोटरहोमशी काडीचाही संबंध नसलेल्या काही सरकारी नियमांना जातं.

आधी गॅसचा फ्रीज गाडीत आला कसा ते पाहू. आग लावून थंडावा निर्माण करायची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये फेर्दिनांद कारे यांनी १८५९ साली अमोनिया आणि पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. पण ते यंत्र अवजड होतं आणि त्यात पंप लागत असे. घरात ठेवता येईल असं रूप त्याला दिलं ते स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या दोन विद्यार्थ्यांनी. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी १९२२ मध्ये असा फ्रीज बनवला, ज्यात हलणारा एकही भाग नव्हता. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने तो उद्योग विकत घेतला. त्याच दशकात आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्डही बिनमोटरच्या फ्रीजची पेटंटं घेत होते. त्यांतली काही इलेक्ट्रोलक्सनेच घेतली, पण बाजारात टिकला तो त्या दोन विद्यार्थ्यांचा नमुना.

या फ्रीजच्या मागच्या बाजूला बंद नळ्यांचं एक जाळं असतं. त्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेला असतो. खाली छोटी ज्योत किंवा विजेचा हीटर. उष्णतेने पाण्यातून अमोनिया सुटतो, वर जाऊन गार होतो आणि द्रवरूप होतो. हा द्रव पुढे हायड्रोजनला भेटतो. तिथे एकूण दाब तेवढाच राहतो, पण त्यातला अमोनियाच्या वाट्याचा दाब घटतो आणि अमोनिया कमी तापमानालाच उडू लागतो. उडताना तो फ्रीजच्या आतली उष्णता ओढून घेतो. मग पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं, हलका हायड्रोजन आपल्या जागी परततो आणि चक्र चालू राहतं. मोटर नाही, आवाज नाही, झिजायला काही नाही. हॉटेलच्या खोल्यांत हीच जात वर्षानुवर्षं दिसली, ती या शांतपणामुळेच.

अमेरिकेत या तंत्राचे हक्क इंडियानातल्या इव्हान्सव्हिलच्या सर्व्हेल कंपनीने घेतले आणि १९२६ पासून गॅसचे फ्रीज बाजारात आणले. लगेच १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने डोक्यावर कॉम्प्रेसर असलेला ‘मॉनिटर टॉप’ आणला. वायर पोहोचली त्या प्रत्येक घरात विजेचा फ्रीज हळूहळू गॅसवाल्याला मागे सारत गेला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सर्व्हेलने हा धंदा सोडला. गॅसच्या फ्रीजला उरली ती वायर न पोहोचलेली ठिकाणं: जंगलातल्या झोपड्या, दुर्गम शेतवाड्या आणि चाकांवरची घरं.

मोटरहोमला तर तो अगदी फिट बसला. प्रोपेनचं सिलिंडर स्वयंपाकासाठी गाडीत असायचंच. नऊ किलोच्या एका सिलिंडरवर फ्रीज साधारण दोन आठवडे निघायचा. छावणीच्या जागी वीज मिळाली तर तोच फ्रीज हीटरवर चालवता यायचा. १९६६ मध्ये विनेबागो कंपनीने आपलं पहिलं मोटरहोम काढलं आणि हे वाहन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागलं. पुढची चार दशकं ‘मोटरहोमचा फ्रीज’ म्हणजे गॅसचा फ्रीज, हे समीकरण कुणी तपासूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याच्या खोडी मात्र सगळ्यांना ठाऊक होत्या. सगळं काम गुरुत्वाकर्षणावर चालत असल्याने गाडी जवळपास सपाट उभी हवी. तीन अंशांच्या आसपास कललेलीही बऱ्याच मॉडेलांना चालत नाही. धावती गाडी डुलत असते म्हणून तिथे फारसं बिघडत नाही. उतारावर तासन् तास उभी राहिली की मात्र नळीत द्रव अडतो आणि खालचा बॉयलर, म्हणजे ज्योतीवर तापणारा भाग, कोरडा तापत राहतो. आतून लोखंड गंजू नये म्हणून घातलेलं सोडियम क्रोमेट अशा वेळी विघटित होऊन नळ्यांत अडकतं, आणि एकदा अडकलं की त्या भागाचं आयुष्य संपलंच. बॉयलरला चीर गेली तर बर्नरजवळ पिवळसर भुकटी दिसते आणि अमोनियाचा वास नाकात झणझणतो. भर उन्हाळ्यात पारा पस्तिशी ओलांडला की लोणी मऊ पडतं, ते वेगळंच.

यातलं खरं भय आगीचं. नळ्यांत दाबाखाली हायड्रोजन, शेजारी ज्योत. २००६ मध्ये डोमेटिक कंपनीने १९९७ ते २००३ दरम्यान बनवलेले नऊ लाखांहून अधिक फ्रीज रिकॉल केले, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावले. बॉयलरच्या नळीला चीर जाऊन गळती झाली तर आग लागू शकते, हे कारण होतं. मोठ्या मोटरहोममध्ये सर्रास दिसणाऱ्या नॉरकोल्ड कंपनीच्या चार दारी १२०० मालिकेवरही २०१० मध्ये रिकॉलची वेळ आली. पर्याय शोधणाऱ्यांची संख्या या काळात वाढली, यात नवल नाही. पण पर्याय हाताशी होता तो दुसऱ्याच एका घडामोडीमुळे.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतला सरासरी नवा घरगुती फ्रीज वर्षाला सुमारे १,८०० युनिट वीज खात होता. भिंतींतलं इन्सुलेशन पातळ, मोटर ढिसाळ, आणि दाराच्या कडेला दव धरू नये म्हणून चक्क हीटर. स्वस्त विजेच्या दिवसांत हा उधळेपणा खपून जायचा. १९७३च्या तेलसंकटानंतर तो डोळ्यांत खुपू लागला. कॅलिफोर्नियाने ऊर्जा आयोग नेमून फ्रीजच्या वीजवापरावर मर्यादा घातली. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड या विचाराचे मोठे पुरस्कर्ते होते. १९८७ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला. १९९०, १९९३, २००१ आणि २०१४ असे टप्प्याटप्प्याने नियम कडक होत गेले. उत्पादकांनी कुरकुर केली, मग पॉलियुरेथेनचा जाड फेस आणि चांगले कॉम्प्रेसर वापरायला लागले. २००१च्या नियमानंतर आकडा ५०० युनिटांच्या आसपास आला, तोही फ्रीज आकाराने मोठे झालेले असताना.

याचा गाडीतला अर्थ आकड्यांत मांडला की चित्र स्पष्ट होतं. जुना फ्रीज दिवसाला पाच युनिट मागायचा. १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरमधली गळती धरून, ते होतात पावणेपाचशे अँपिअर-तास (बॅटरीतली वीज मोजायचं माप). शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असा दंडक. म्हणजे हजारेक अँपिअर-तासांची बँक हवी, अडीचशे किलोंच्या आसपास वजनाची, आणि तीही एकट्या फ्रीजसाठी. आजच्या १८ घनफुटी, म्हणजे पाचशे लिटरच्या फ्रीजला दिवसाला साधारण एक ते सव्वा युनिट पुरतं. इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवायचा तर तो स्वतःसाठीही थोडी खातो, पण गोल्फच्या गाडीतल्या चार बॅटऱ्यांवर रात्र आरामात निघते. उलट जुना गॅसवाला विजेवर लावला तर त्याचा हीटर तीन-चारशे वॅट ओढतो. म्हणून तो बॅटरीवर चालवायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

बाकीचं सामान त्याच सुमारास स्वस्त झालं. शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरातल्या विजेसारखी गुळगुळीत लाट, देणारे इन्व्हर्टर आले. ओबडधोबड लाटेवर फ्रीजची मोटर तापते आणि इलेक्ट्रॉनिक्स रुसतं. छतावरचं सौर पॅनेल परवडू लागलं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांनी निम्मीच वीज वापरायचं बंधनही सैल केलं. २०१०च्या आसपास महागड्या डिझेल मोटरहोममध्ये कारखान्यातूनच घरगुती फ्रीज बसून येऊ लागले, आणि जुन्या गाड्यांचे मालक त्याच वाटेने निघाले.

बसवण्याचं काम वाटतं तितकं सरळ नाही. जुना चार दारी फ्रीज गाडीच्या दारातून निघत नाही. कधी खिडकी, कधी पुढची काच काढावी लागते. गॅसची लाइन नुसती बंद करून चालत नाही, तिला पक्कं टोपण घालून साबणाच्या फेसाने गळती तपासावी लागते. छतावरचा आणि बाजूचा हवेचा झरोका आता निरुपयोगी, उलट त्यातून धूळ आणि पाऊस आत येतो, म्हणून तो बुजवायचा. घरचा फ्रीज चालत्या गाडीसाठी बनलेला नसतो, त्यामुळे त्याला चौकटीला आवळून बांधायचं आणि दारांना कड्या लावायच्या. वळणावर दार उघडून काचेची बरणी एकदा खाली आली की कडीचं महत्त्व पटतंच. डीफ्रॉस्टचा हीटर अधूनमधून काही मिनिटं चारेकशे वॅट घेतो, हेही इन्व्हर्टर निवडताना धरावं लागतं. आणि हे सगळं केल्यावर आठवडाभर विजेविना रानात राहायची मुभा जाते, निदान सौर पॅनेल किंवा जनरेटर नसेल तर. माझ्या मते अशा भटक्यांनी जुना फ्रीज धड असेपर्यंत त्याला हात लावू नये.

नव्या गाड्यांत तर तिसरीच जात पुढे आली आहे: थेट १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रीज, ज्याला इन्व्हर्टरही लागत नाही. गेल्या काही वर्षांत कारखान्यांनी तोच सरसकट बसवायला सुरुवात केली. जुन्या फ्रीजची पेटी, दारं तशीच ठेवून मागचं अमोनियाचं जाळं काढायचं आणि तिथे छोटा कॉम्प्रेसर लावायचा, असे संचही मिळतात. असं काम करणाऱ्या, आणि गॅसच्या फ्रीजचे मागचे भाग नव्याने बांधणाऱ्या कार्यशाळा उत्तर इंडियानात आमिश लोकांच्या, म्हणजे आधुनिक यंत्रांपासून अंतर राखणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, आहेत. मोटरहोमचे बहुतेक कारखाने त्याच पट्ट्यात. आणि विजेच्या तारा घरात न घेणाऱ्या तिथल्या कित्येक आमिश घरांत फ्रीज अजूनही गॅसवरच चालतो.