फाक्टुम

फाक्टुम : स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांतील नपुंसकलिंगी नाम. अर्थ : वस्तुस्थिती, जिच्याबद्दल वाद नाही अशी गोष्ट. लॅटिनमधील ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे हे भूतकालवाचक धातुसाधित आहे. मूळ अर्थ ‘केलेले, घडलेले’. फाक्टुरा (मालाचे बिल) व फाक्टोर (घटक) हे शब्दही त्याच कुळातले. लॅटिनमधले नपुंसकलिंग तिन्ही भाषांनी तसेच ठेवले.

या भाषांत निश्चितता दाखवणारे उपपद नामाच्या शेवटी जोडतात. लॅटिनमधून आलेल्या ‘–उम’अंती नामांची येथे दोन गटांत विभागणी होते. ‘उम’च्या आधी स्वर असेल तर ‘उम’ गळतो : मुसेउम (संग्रहालय), पण ‘ते संग्रहालय’ म्हणजे मुसेएट. व्यंजन असेल तर तो बहुधा टिकतो : फाक्टुमेट. डॅनिश लेखनात या रूपात ‘म’ दुहेरी येतो, स्वीडिश व नॉर्वेजियनमध्ये एकेरीच. स्वीडिशमधील सेंट्रुम (केंद्र) मात्र या नियमाला जुमानत नाही. त्याची सेंट्रुमेट आणि सेंट्रेट ही दोन्ही रूपे चालतात.

खरी गुंतागुंत अनेकवचनात आहे. लॅटिन अनेकवचन ‘फाक्टा’ तिन्ही भाषांत रूढ आहे, पण ते अनेकवचन आहे याची जाणीव बोलणाऱ्यांना फारशी राहिलेली नाही. स्वीडिशमध्ये ‘मोंगा फाक्टा’ (मोजता येण्याजोगी अनेक तथ्ये) याच्या बरोबरीने ‘मिकेट फाक्टा’ असेही सर्रास म्हणतात. हे ‘मिकेट’ पाणी, पीठ यांसारख्या न मोजता येणाऱ्या वस्तूंना लागते. म्हणजे फाक्टा हा ‘माहितीचा साठा’ अशा अर्थाचा समूहवाचक शब्द झाला आहे. मराठीत आपणही ‘डेटा आला’ असेच म्हणतो. बोलीतले ‘फाक्टान’ हे एकवचनी निश्चित रूप मात्र शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्यांना खटकते. डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये लॅटिन अनेकवचनालाच पुन्हा देशी प्रत्यय जोडून ‘ती तथ्ये’ या अर्थाचे ‘फाक्टाएने’ असे रूप तयार होते, आणि ते कोणाला विचित्र वाटत नाही.

‘वस्तुस्थिती अशी की…’ अशी सुरुवात करताना स्वीडिश माणूस ‘फाक्टुम ए आट…’ म्हणतो. मोजता येणाऱ्या एकवचनी नामाला एरवी उपपद लागते. येथे ते गाळले जाते आणि शब्द जवळजवळ विशेषनामासारखा उभा राहतो. फ्रेंच वाक्प्रचाराच्या धर्तीवर ‘फुलबूर्डाट फाक्टुम’ हाही प्रयोग आहे : सगळे आटोपल्यावर समोर ठेवलेली, आता बदलता न येणारी गोष्ट. इकिआने आपल्या स्वयंपाकघरातील कपाटांच्या एका मालिकेलाही हेच नाव दिले होते.

डॅनिशमध्ये ‘केन्सगेर्निंग’ व नॉर्वेजियनमध्ये ‘शेन्सयेर्निंग’ हे समानार्थी शब्द आहेत. परकीय शब्दांबाबत काटेकोर असणाऱ्या आइसलँडिकने फाक्टुमला दारातच अडवले. तेथे ‘स्टाद्रेइंड’ हा घरचाच शब्द चालतो.