जीवनमानाची तुलना (शेजारी देशांतील)

दोन शेजारी देशांतील सामान्य माणूस किती वर्षे जगतो, काय खातो, किती शिकतो आणि आजारी पडला तर त्याचे काय होते, हे एकाच मापाने ताडून पाहण्याची पद्धत. राहणीमान आणि जीवनमान हे शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी येतात. राहणीमान मात्र खिशावर ठरते; जीवनमानात खिसा हा एक भाग. शेजाऱ्यांची हवा, पिके, ताटातले जिन्नस आणि पुष्कळदा जुने राज्यकर्तेही सारखेच असतात. त्यामुळे उरणारा फरक बराचसा धोरणांचा असतो. नॉर्वेचे आकडे पाहून हळहळण्यापेक्षा बांगलादेशाचे पाहिले तर जास्त काही हाती लागते.

मोजायचे कशाने, हा प्रश्न पुण्यात फार पूर्वीच हाताळला गेला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातील दारिद्र्य मोजले, ते रोज माणशी २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च हा निकष धरून. ताटावरून गरिबी कळते, पण दवाखाना किती कोसांवर आहे ते कळत नाही. १९७९ मध्ये मॉरिस डी. मॉरिस यांनी साक्षरता, बालमृत्यू आणि आयुर्मान एकत्र केले. १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आला. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न येते. उत्पन्न धरतात ते विनिमय दराने नव्हे, तर त्या पैशात तिथे काय विकत मिळते यावरून.

२०२५ च्या मानव विकास अहवालात भारत आणि बांगलादेश दोघेही १३० व्या क्रमांकावर, ०.६८५ गुणांनी बरोबरीत आहेत. बरोबरी फोडून पाहिली की गंमत कळते. उत्पन्नात आणि अपेक्षित शालेय वर्षांत भारत पुढे; आयुर्मान मात्र भारतात ७२ वर्षे आणि बांगलादेशात ७४ च्या वर. यामागच्या अनेक कारणांपैकी एक अगदी घरगुती आहे. १९८० च्या दशकात बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या गावोगावी दारात बसून आयांना जुलाबावरचे पाणी करायला शिकवत: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नंतर दुसरे कोणी येऊन आईला किती लक्षात राहिले ते तपासी, आणि शिकवणारीचा मोबदला त्यावर ठरे. अशी एक कोटीहून जास्त घरे झाली.

सरासरीवर फार विसंबू नये. पुणे आणि नंदुरबार एकाच राज्यात आहेत. खुद्द पुणे २०१८ च्या केंद्रीय जीवन सुलभता निर्देशांकात १११ शहरांत पहिले आले होते. टँकरची वाट पाहणाऱ्या उपनगरांतल्या सोसायट्यांत ही बातमी कशी वाचली गेली असेल, ते पुणेकरांना सांगायला नको.

मानव विकास निर्देशांक हलतोही सावकाश. श्रीलंकेने १९४५ पासून शिक्षण मोफत केले आणि सार्वजनिक दवाखानेही फुकट ठेवले. त्या पुण्याईवर तो २०२५ च्या अहवालात ८९ व्या क्रमांकावर आहे. २०२२ मध्ये तिथे पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, औषधे मिळेनाशी झाली. तरी आयुष्याची आणि शाळेची जमा झालेली वर्षे एका वर्षात पुसली जात नाहीत, म्हणून त्या रांगा आकड्यात जेमतेमच दिसतात.