वॉर्डातील पहिल्या दिवसाच्या सूचना : पार्श्वभूमी

वैद्यकीय किंवा परिचर्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे पहिले वॉर्ड पोस्टिंग सुरू होते, तेव्हा त्याच्या हाती पानभर सूचना पडतात. नखे कापलेली असावीत, केस बांधलेले असावेत, ओळखपत्र दिसेल असे लावावे, रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवावेत, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, केसपेपर वॉर्डाबाहेर नेऊ नये, रुग्णाचा फोटो काढू नये, स्त्री रुग्णाची तपासणी सिस्टरच्या उपस्थितीतच करावी. विद्यार्थी खाली सही करतो, पानाची घडी ॲप्रनच्या खिशात ठेवतो आणि पहिल्या धुण्यात ॲप्रनबरोबर त्या पानाचाही लगदा होतो. या पानावरच्या ओळी काही एका बैठकीत लिहिल्या गेलेल्या नाहीत. वयानुसार लावून पाहिल्या तर असे दिसते की वर्तनाचे नियम सर्वांत जुने आहेत, रुग्णाला विद्यार्थ्यापासून वाचवणारे नियम त्यानंतरचे आहेत आणि खुद्द विद्यार्थ्याला वाचवणारे नियम अगदी अलीकडचे आहेत.

वर्तनाचे नियम किती जुने, हे चरकसंहितेच्या विमानस्थानात पाहता येते. तेथे गुरू शिष्याला अध्ययनाच्या आरंभीच बजावतो की रुग्णाच्या घरी ओळखीच्या आणि परवानगी असलेल्या माणसाबरोबरच प्रवेश करावा, पती किंवा पालक यांच्या अनुमतीशिवाय स्त्रीने दिलेली वस्तू घेऊ नये आणि त्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत. सुश्रुतसंहितेत शिकाऊ वैद्याने नखे व केस कापलेले ठेवावेत आणि स्वच्छ पांढरे वस्त्र नेसावे असे सांगितले आहे. शिवाय छेद घेण्याचा सराव आधी दुध्या, काकडी अशा फळभाज्यांवर करावा, असेही त्यात आहे. आजच्या ‘स्किल लॅब’मध्ये रबरी हातावर सुई टोचायला शिकणाऱ्या मुलांना हे सांगितले की त्यांना गंमत वाटते. मात्र ही संहिता आहे तशी उचलून आजच्या वॉर्डात लावता येणार नाही, कारण राजाचा द्वेष करणाऱ्याला औषध देऊ नये, असेही त्याच उपदेशात आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नव्या विद्यार्थ्यांसाठी चरक शपथेची शिफारस केली ती सुधारलेल्या मसुद्याची होती, आणि तरीही त्यावर बराच वाद झाला.

हात धुण्याच्या नियमाची कथा बहुतेकांनी पाठ्यपुस्तकाच्या एका चौकटीत वाचलेली असते, पण त्या चौकटीत विद्यार्थ्यांचा भाग गाळला जातो आणि आपल्या विषयाला तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. बाळंतिणी बहुतांशी गरीब असत. मोफत उपचारांच्या बदल्यात त्यांनी शिकणाऱ्यांकडून तपासून घ्यायचे, असा अलिखित व्यवहार होता. १८४६ या वर्षात पहिल्या विभागात ४०१० प्रसूतींमागे ४५९ स्त्रिया दगावल्या, म्हणजे शंभरामागे अकराहून अधिक. दुसऱ्या विभागात हेच प्रमाण तीनपेक्षाही कमी होते. शहरातल्या बायकांना हा फरक आकडेवारीशिवाय माहीत होता. पहिल्या विभागात भरती होऊ नये म्हणून त्या गयावया करीत आणि काही जणी तर वाटेतच बाळंत झालेल्या परवडल्या असे मानीत.

तेथे साहाय्यक असलेल्या इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरला कारण सापडले ते एका मित्राच्या मृत्यूमुळे. मार्च १८४७ मध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का शवविच्छेदन शिकवत असताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि काही दिवसांतच ते गेले. त्यांच्या शवात जे बदल दिसले ते बाळंतरोगाने (बाळंतपणानंतर येणाऱ्या जीवघेण्या तापाने) मेलेल्या स्त्रियांच्या शवांत दिसणाऱ्या बदलांसारखेच होते. विद्यार्थी सकाळी शवागारात विच्छेदन करीत आणि तेथून थेट प्रसूतीच्या वॉर्डात येत. सुईणींच्या शिक्षणात शवविच्छेदन नव्हते. साबणाने धुतल्यावरही हाताला शवाचा वास राहतो, हे सेमेलवाइसने हेरले आणि मेच्या मध्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरामागे अठरा मृत्यू होते, ते जूनमध्ये दोनच्या आसपास आले.

यापुढचा प्रसंग फारसा सांगितला जात नाही. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगामुळे घाण स्राव जाणारी एक रुग्ण पहिल्या खाटेवर होती आणि राउंड तिथूनच सुरू होई. वॉर्डात येताना सर्वांनी क्लोरिनने हात धुतलेले असत, पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना केवळ साबण वापरला जाई. तिच्याबरोबर प्रसूत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा जणी मृत्यू पावल्या. त्यानंतर प्रत्येक दोन तपासण्यांच्या मध्ये क्लोरिनने हात धुण्याचा नियम झाला. आज राउंडवर दहा-बारा मुले एका खाटेभोवती कोंडाळे करतात, पोट चाचपतात आणि तशीच पुढच्या खाटेकडे सरकतात, तेव्हा सिस्टर सॅनिटायझरची बाटली पुढे करते त्यामागे हा प्रसंग आहे. सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या हयातीत वरिष्ठांनी मानले नाही. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. जागतिक आरोग्य संघटनेने हात नेमके केव्हा धुवावेत हे सांगणारे ‘पाच क्षण’ आपल्या मार्गदर्शक सूचनांत घातले ते २००९ मध्ये.

ज्या काळात व्हिएन्नात हे घडत होते, त्याच काळात मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण मूळ धरत होते. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाला लागून सुरू झाले आणि भाऊ दाजी लाड हे त्याच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि याच महाविद्यालयाच्या खोलीत जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्याजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. शुश्रूषा करणाऱ्याचे रक्षण कसे करावे, याचा कोणताही लेखी नियम त्या दवाखान्यातच काय, जगात फारसा कुठेच नव्हता.

मुंबईच्या प्लेगचा एक धागा परत व्हिएन्नाला पोचतो. १८९७ मध्ये ऑस्ट्रियाचे अभ्यासपथक मुंबईत येऊन गेले आणि परतताना प्लेगचे जंतू सोबत घेऊन गेले. ऑक्टोबर १८९८ मध्ये तेथील प्रयोगशाळेत काम करणारा परिचर फ्रान्झ बारिश याला प्लेग झाला. पथकात मुंबईला आलेले डॉ. हेरमान म्युलर यांनी त्याच्यावर उपचार केले. बारिश गेला, पाठोपाठ म्युलर गेले आणि शुश्रूषा करणारी परिचारिका अल्बिने पेखा हीही गेली. प्रयोगशाळेतला परिचर, डॉक्टर आणि परिचारिका या तिघांचा हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. संसर्ग पदवी पाहत नाही. पण कोणते काम कोणाकडे सोपवले आहे, यावरून तो कोणाला आधी गाठणार हे बहुधा ठरते. आपल्या वॉर्डात लादी पुसणारे मामा आणि बेडपॅन उचलणाऱ्या मावशी विद्यार्थ्यांच्या सूचनापत्रकात क्वचितच दिसतात. एखाद्याने खाटेवर विसरलेली सुई बहुतेक वेळा त्यांच्याच हाताला लागते.

रबरी हातमोज्यांचा इतिहासही असाच उलटा आहे. १८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी जंतुनाशकातील पाऱ्याच्या क्षाराने सोलून निघू लागली, तेव्हा सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे बनवून घेतले. मोजे आले ते परिचारिकेचे हात वाचवण्यासाठी. त्यांनी रुग्णाच्या जखमाही कमी पिकतात, हे मागाहून ध्यानात आले.

सुईचा प्रश्न मात्र जवळजवळ शंभर वर्षे कोणी मनावर घेतला नाही. एचआयव्हीच्या भीतीने तो ऐरणीवर आला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८५ ते १९८७ या काळात ‘सार्वत्रिक खबरदारी’ची कल्पना मांडली. कोणाचे रक्त दूषित आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून प्रत्येकाचे रक्त दूषित समजूनच वागावे, एवढाच तिचा अर्थ. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. खरे पाहता सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस ‘बी’ची लागण होण्याची शक्यता परिस्थितीनुसार शंभरात सहा ते तीस इतकी असते. विद्यार्थी ज्या रोगाला कमी घाबरतात तोच अधिक सहज चिकटतो, आणि त्यावर १९८०च्या दशकापासून लस उपलब्ध आहे.

टोपण लावण्याची सवय मोडायला अवघड असते, कारण ती घरच्या संस्कारांतून येते: धारदार वस्तू उघडी टाकू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. इंटर्न रात्री दोन वाजता रक्त काढतो, एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात टोपण, डोळ्यांत झोप. टोपणाच्या तोंडाऐवजी सुई बोटात जाते. मग पहिली प्रतिक्रिया बोट दाबून रक्त काढण्याची किंवा तोंडात घालण्याची होते आणि या दोन्ही गोष्टी करू नयेत, असेच आजची सूचना सांगते. साबण आणि वाहते पाणी, नंतर लगेच कॅज्युअल्टीत नोंद. एचआयव्ही टाळण्याचे औषध घ्यायचे ठरले तर शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत पहिली गोळी, पुढे २८ दिवस. बरीच मुले सर रागावतील म्हणून नोंदच करत नाहीत. माझ्या मते शिस्तीच्या नावाखाली विद्यार्थ्यांचे झालेले हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

सुई कुठे टाकायची याचा नियम भारतात १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी आणला आणि २०१६ च्या नियमांनी त्याची फेरमांडणी केली. सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, सलाईनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंजा आणि मोजे लाल पिशवीत, काच निळ्यात, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात. परीक्षेला हे रंग पाठ असतात आणि ड्रेसिंग संपल्यावर सगळे एकाच बादलीत जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. याच २०१६ च्या नियमांत एक कमी वाचली जाणारी तरतूद आहे: हा कचरा हाताळणाऱ्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि ‘इतरांना’ हिपॅटायटिस ‘बी’ व धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. विद्यार्थी कर्मचारी नसतो; पण ‘इतर’ या शब्दात त्याला बसवायला काहीच हरकत नाही.

संमतीचा नियम यांच्या तुलनेत शांतपणे आला. १८४७ च्या व्हिएन्नातली गरीब बाळंतीण विद्यार्थ्याला नाही म्हणू शकत नव्हती, आणि सरकारी रुग्णालयातल्या जनरल वॉर्डात आजही अनेकांना आपण नाही म्हणू शकतो हे माहीत नसते. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे उपचाराच्या शस्त्रक्रियेची संमती नव्हे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात सुरुवातीचा पायाभूत वर्ग आणि ‘एटकॉम’ हा वर्तन, नीती व संवादाचा भाग आला. शव हा आपला पहिला गुरू, असा विषय त्यात आहे. ‘आजी, मी विद्यार्थी आहे, पोट तपासू का?’ हे एक वाक्य त्यात शिकवले जावे, एवढीच माफक अपेक्षा आहे.

सूचनापत्रकातील सर्वांत तरुण ओळी मारहाण आणि छळ यांच्याविषयीच्या आहेत. गंमत अशी की इथेही मुंबईचा प्लेगच मागे उभा आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेग आवरण्यासाठी साथरोग कायदा झाला. प्लेगच्या घरझडत्यांचा आणि रँडचा इतिहास मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. सरकारला घरात घुसण्याचे बळ देणाऱ्या त्याच कायद्यात एप्रिल २०२० मध्ये अध्यादेशाने दुरुस्ती झाली आणि साथीच्या काळात आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर रुग्णालयाच्या आवारातच अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा रात्रपाळीला विश्रांतीची खोली, तिला आतून कडी आणि तिथवर जाणाऱ्या वाटेवर दिवा या साध्या गोष्टी राष्ट्रीय चर्चेत आल्या.

महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीचा, २०१० चा आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेला त्याने तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि पन्नास हजारांपर्यंतचा दंड ठेवला, मोडतोडीची दुप्पट भरपाई ठेवली, आणि संरक्षण कोणाला याची व्याख्या करताना नोंदणीकृत डॉक्टर व परिचारिकांच्या बरोबरीने वैद्यकीय विद्यार्थी आणि परिचर्या विद्यार्थी यांचा स्वतंत्रपणे उल्लेख केला. या कायद्याचा फलक बहुतेक ठिकाणी कॅज्युअल्टीच्या दारावर नातेवाइकांना दिसेल असा लावलेला असतो. विद्यार्थ्यांच्या सूचनापत्रकात त्याची ओळ अजून फार थोड्या ठिकाणी आहे.