पिठाचा परत गहू होत नाही, म्हणून तो बदल रासायनिक?

‘परत पहिल्यासारखं करता येतं तो भौतिक बदल, येत नाही तो रासायनिक.’ शाळेत आपण सगळ्यांनीच हे घोकलंय. मुलं अजूनही घोकतात. पण नियम म्हणून ते चुकीचं आहे.

गिरणीतून दळून आणलेल्या पिठाचा पुन्हा गहू करून दाखवा बघू! नाही होत. तरी बदल भौतिकच, कारण स्टार्च आणि प्रथिनं तीच राहिली, दाणा फक्त बारीक झाला.

आता उलटं बघा. शर्टावर वरणाचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला, की डाग लालभडक होतो. हळदीतल्या कुर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याच्या रेणूतला प्रोटॉन साबणातली अल्कली काढून घेते, रेणूची घडण बदलते आणि रंगही. हा रासायनिक बदल. पण त्याच डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा! (हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं ते याच गुणावर.) इन्व्हर्टरची बॅटरी तर हा उलटसुलट खेळ रोज खेळते: वीज देताना प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं, चार्जिंग करताना त्याचं पुन्हा शिसं आणि शिशाचा ऑक्साइड होतो.

रंग बदलला, बुडबुडे आले, या नुसत्या खुणा. उकळत्या पाण्यातही बुडबुडे येतातच की, पण ते वाफेचे. विचारायचं एवढंच: नवा पदार्थ तयार झाला का?