मौलाना मुहम्मद इलियास कांधलवी
तबलिगी जमातचे, म्हणजे मुसलमानांनाच धर्माचरणाकडे वळवणाऱ्या चळवळीचे, संस्थापक. जन्म कांधल्याचा (आताचा शामली जिल्हा, उत्तर प्रदेश). साल बहुतेक ठिकाणी १८८५ देतात, कुठे १८८६ पण दिसतं, कारण हिजरी १३०३ हे इंग्रजी दोन सालांत पसरलंय. लहानपण गंगोहला मोठे भाऊ मौलाना यह्या यांच्याकडे गेलं, मग देवबंदच्या मदरशात हदीस (पैगंबरांची वचनं आणि आचरण) शिकले आणि सहारनपूरच्या मजाहिर उलूम मदरशात शिकवायला लागले. तब्येत नाजूक, बोलताना अडखळायचे, त्यामुळे सभा गाजवणारे वक्ते ते कधीच नव्हते.

वडील दिल्लीत निजामुद्दीनच्या बंगलेवाली मशिदीत राहायचे. असं सांगतात की ते कामाच्या शोधात आलेल्या मेवाती (दिल्लीच्या दक्षिणेकडच्या मेवात भागातल्या) मजुरांना त्यांची रोजी स्वतः देऊन कलमा (इस्लामच्या श्रद्धेचं वचन), नमाज शिकवायचे. सगळ्यात थोरले, सावत्र भाऊ मौलाना मुहम्मद यांच्यानंतर ही जागा इलियास यांच्याकडे आली आणि मेवातशी नातं पक्कं झालं. तिथले मेव लोक मुसलमान, पण गोत्र पाळायचे, होळी-दिवाळी करायचे. मौलानांनी आधी मकतब (धर्मशिक्षणाच्या प्राथमिक शाळा) काढले. पण मकतबातून शिकलेला एक मुलगा कौतुकाने समोर आणला तर त्याची दाढी साफ, म्हणजे धर्माची साधी खूणही नाही, तेव्हा त्यांना कळलं की घरचं वातावरण तेच राहिलं तर नुसती शाळा पुरत नाही.

जमात नेमकी कधी सुरू झाली यावर वाद आहे. १९२६च्या सुमारास, हजहून परतल्यावर, हे जास्त चालतं, कोणी १९२७ धरतं, तर कोणी २ ऑगस्ट १९३४ची मेवातमधल्या नूहची पंचायत, जिथे १०७ जणांनी ठराव केला. मला पंचायत ही सुरुवात वाटत नाही, आधीपासून चालू कामाला तिथे रीतसर रूप आलं एवढंच. १९२३च्या शुद्धी चळवळीला (मुसलमानांना हिंदू धर्मात घेण्याची आर्य समाजाची मोहीम) हे उत्तर होतं असंही मानतात. तो धक्का होताच, पण मकतबवाली निराशा बघितली तर कारण आतलंही तेवढंच दिसतं.

पद्धत साधी: माणसाला घरापासून काढायचं, तीन दिवस, चाळीस दिवसांचा चिल्ला किंवा चार महिने, खर्च ज्याचा त्याने करायचा, मुक्काम मशिदीत, संध्याकाळी दारोदार गश्त, म्हणजे लोकांना मशिदीकडे बोलवायची फेरी. शिकता शिकताच शिकवायचं, राजकारण आणि मसल्यांचे (धर्मनियमांतल्या मतभेदांचे) वाद बाहेर ठेवायचे. सहा गोष्टींवर भर: कलमा, नमाज, इल्म-जिक्र (ज्ञान आणि अल्लाहचं स्मरण), इकराम (दुसऱ्या मुसलमानाचा आदर), नियत (शुद्ध हेतू), तबलिग (धर्माचा संदेश पोचवणं).

जुलै १९४४ मध्ये निजामुद्दीनला निधन. मुलगा मौलाना यूसुफ पुढे अमीर (जमातचे प्रमुख) झाले आणि जमात देशाबाहेर पसरली. महाराष्ट्रातल्या मोहल्ल्यांत आजही 'तो जमातमध्ये गेलाय' म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही.